माळ्यावर गेलेल्या वस्तू

झाशी शहरातील जुन्या घरांत दाराच्या चौकटीवर, छतापासून सुमारे दोन हात अंतर सोडून भिंतीत बसविलेली एक रुंद फळी आढळते. तिला तेथे टांड म्हणतात. तीच जागा थोडी खोल असून तिच्यावर स्वतंत्र छत घातलेले असेल, तर तिला दुछत्ती असे नाव आहे. महाराष्ट्रातील वाचकाला माळा अथवा पोटमाळा हा शब्द अधिक परिचयाचा. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत त्याचाच लॉफ्ट झाला आहे. नावे निरनिराळी असली तरी वस्तू एकच होय. माणसाचा हात सहज पोचत नाही आणि दृष्टीही सहसा जात नाही, अशी ही घरातील जागा आहे.

झाशीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. ओरछाच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव वाढले. १७४२ मध्ये नारो शंकर मराठ्यांचा सुभेदार म्हणून आला आणि त्यानंतर दक्षिणेतील अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे गेली. ते मूळचे रत्नागिरीकडील. या घरांच्या बरोबर दक्षिणेतील भांडीकुंडी, देवघरे, पोथ्या आणि वस्तू ठेवण्याच्या रीतीही नर्मदेपलीकडे गेल्या. शिंके, उतरंड, फडताळ, कोनाडा, कपडे टाकण्याची दांडी, धान्याची कणगी ही जुन्या मराठी घरातील साठवणीची साधने होत. त्यांचा विशेष असा की, प्रत्येकात काय असावयाचे ते ठरलेले असे. उतरंडीतील तिसऱ्या मडक्यात काय आहे, हे घरातील सुनेला अंधारातही सांगता येई. माळ्याचे तसे नाही. तेथे काय आहे, हे बहुधा घरातील कोणालाच नेमके ठाऊक नसते.

पूर्वी मात्र माळ्यालाही एक प्रकारची शिस्त होती आणि ती ऋतूंनी लावलेली होती. बुंदेलखंडातील थंडी कडाक्याची आणि उन्हाळा त्याहून कडक. होळी झाली की रजया उन्हात घालून, कापडात बांधून वर जात आणि वाळ्याचे पडदे खाली येत. अलीकडच्या काळात वाळ्याच्या पडद्यांची जागा कूलरने घेतली आहे. दिवाळीनंतर हीच क्रिया उलट होई. लग्नकार्यातील मोठी पातेली, पाट, चैत्रगौरीची आरास, श्रावणातील पूजेचे साहित्य यांचाही वर जाण्याचा आणि खाली येण्याचा काळ ठरलेला असे. वर गेलेली वस्तू वर्षातून एकदा खाली आली म्हणजे तिच्यावरची धूळ झटकली जाई, कसर लागली असल्यास दिसून येई आणि निरुपयोगी झालेली वस्तू त्याच वेळी बाजूला पडे. दिवाळीपूर्वी चुन्याचा हात द्यावयाचा म्हणून सारे घर रिकामे करावे लागे. त्यात टांडही सुटत नसे. जुने कपडे देऊन भांडी घेण्याचा व्यवहार आणि मोडीच्या भावाने तांबे-पितळ विकण्याची सोय यांमुळे बाजूला काढलेल्या वस्तूला बाहेरची वाटही मिळे.

ही शिस्त कशी मोडली, याची कारणे फारशी गूढ नाहीत. चुन्याऐवजी टिकाऊ रंग आले आणि घर दरवर्षी रिकामे करण्याची गरज उरली नाही. लाकडी फळीच्या जागी सिमेंट-काँक्रीटचा माळा आला. तो भक्कम दिसतो म्हणून त्यावर काहीही टाकता येते अशी समजूत झाली. पुढे त्याला झडपा बसल्या आणि आतील पसारा दृष्टीआड झाला. त्यातच झाशी हे रेल्वेचे मोठे केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे लोहमार्ग आणि रेल्वेचे कारखाने आले, १९७४ मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आला. लष्कराची छावणी तर पूर्वीपासूनच होती. बदलीच्या नोकरीत वाढणाऱ्या कुटुंबाचे सामान पेट्यांतून चालते, आणि पुढच्या बदलीला लागेल म्हणून रिकामी पेटीदेखील जपून ठेवावी लागते. निवृत्तीनंतर बदली थांबते. पेट्या मात्र माळ्यावर तशाच राहतात. दूरचित्रवाणी संच बिघडून भंगारात गेला तरी ज्या खोक्यातून तो आला ते खोके शाबूत असते, हा अनुभव पुष्कळ घरांतून येईल.

येथे घरातील वडीलधाऱ्यांना दोष देण्याची घाई करू नये. ज्या पिढीने रॉकेलसाठी रांगा लावल्या आणि शिधापत्रिकेवर साखर घेतली, तिच्या दृष्टीने बिस्किटांचा रिकामा डबा ही कचऱ्याची वस्तू नव्हती. डबा मिळवावा लागत असे. आज वस्तू मिळविणे सोपे झाले आहे आणि टाकणे अवघड. जपून ठेवण्याची सवय मात्र टंचाईच्या दिवसांतील आहे. या सवयीला मनाच्या एका सर्वसाधारण प्रवृत्तीचीही जोड असते. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे पेले देऊन टाकले आणि मग ते विकण्यास सांगितले. ज्यांना पेले मिळाले होते त्यांनी मागितलेली किंमत, ज्यांना ते मिळाले नव्हते त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट भरली. पेला हातात येऊन काही मिनिटेच झाली होती. चाळीस वर्षे घरात असलेल्या पितळी बंबाविषयी मग काय सांगावे?

हा रोग केवळ जागेच्या टंचाईतून होतो असेही नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २००५ या काळात ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांतील वस्तूंची बारकाईने पाहणी केली. त्या घरांना प्रशस्त गॅरेजे होती. परंतु चारांपैकी सुमारे तीन गॅरेजांत सामानाची इतकी गर्दी होती की, मोटार बाहेर रस्त्यावर उभी करावी लागे. तेथे गॅरेजच्या छताला लोखंडी मांडण्या टांगण्याची पद्धत आहे. म्हणजे टांडच ती, फक्त मोटारीच्या डोक्यावरची. मांडणी टांगली की जमीन मोकळी होते, आणि मोकळी झालेली जमीन पुन्हा भरते. माळ्यावर वस्तू ठेवणे म्हणजे पुष्कळदा तिच्याविषयीचा निर्णय पुढे ढकलणे असते, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की या प्रकाराचा उलगडा होतो.

परंतु पुढे ढकललेला निर्णय तेथे जसाच्या तसा थांबून राहत नाही, कारण माळा ही घरातील सर्वांत कठोर हवामानाची जागा आहे. झाशीत मे महिन्यात ४५ अंश सेल्सियस तापमान नवलाचे नाही. २०२४ च्या मे महिन्यात तेथे पारा ४९ अंशांपर्यंत गेला. दिवसभर उन्हात तापलेल्या काँक्रीटच्या छतातून उष्णता हळूहळू खाली उतरते आणि छताची आतील बाजू संध्याकाळनंतर सर्वाधिक तापलेली असते. उष्ण हवा वर जाते, पंख्याचा वारा माळ्याच्या झडपांआड पोचत नाही. त्यामुळे खोलीत माणसाला जेवढी उष्णता जाणवते, त्याहून कितीतरी अधिक उष्णतेत माळ्यावरच्या वस्तू महिनोन् महिने असतात. पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. रबर चिकट होऊन तडकते, जुन्या छायाचित्रांच्या फिती एकमेकींस चिकटतात, विजेरीतील सेल पाझरतात. रंगाचे उघडलेले डबे, टर्पेंटाइन किंवा रॉकेल असल्या ठिकाणी ठेवणे तर उघड धोक्याचे आहे.

वजनाचा हिशेबही सहसा कोणी करीत नाही. तीन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच असा मध्यम आकाराचा माळा घेतला, तर त्यात सुमारे एक तृतीयांश कमी दीड घनमीटर नव्हे, तर जवळजवळ १.३५ घनमीटर जागा होते. सैलसर रचलेल्या वर्तमानपत्रांचे वजन घनमीटरला ५०० किलोग्रॅम धरले तरी असा भरलेला माळा पावणेसातशे किलोग्रॅमचा भार वाहतो. नऊ-दहा धडधाकट माणसे तेथे बसविण्याचा विचार कोणी करणार नाही. रद्दी मात्र बिनदिक्कत चढते. भिंतीतून नुसता पुढे आलेला माळा असेल तर भिंतीच्या सांध्याजवळ वरच्या अंगाला बारीक तडा दिसतो का, हे पाहिले पाहिजे. घरगुती अपघातांचा विचार करता स्टुलावर उभे राहून जड पेटी खाली ओढणे हे त्याहूनही धोक्याचे काम होय, आणि ते बहुधा घरातील वयस्कर माणसेच करतात. कारण वर काय आहे याची थोडीफार कल्पना त्यांनाच असते.

येथवर जे सांगितले ते निरुपयोगी वस्तूंविषयी झाले. झाशीसारख्या गावात प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. माळ्यावर जे जे आहे ते सारे अडगळ असतेच असे नाही.

या शहराची घरे एकदा मुळापासून रिकामी झाली आहेत. १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घातला, ३ एप्रिलला ते शहरात शिरले आणि त्यानंतर हत्या व लूट झाली. कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक त्या वेळी झाशीत होते. त्यांनी या लुटीचे जे वर्णन केले आहे, त्यात लुटीलाही एक क्रम असल्याचे दिसते. आधी सोने, चांदी आणि रोकड गेली. त्यानंतर भांडी, कापड, धान्य यांची पाळी आली. राणीच्या वाड्यातील ग्रंथसंग्रहाचीही वाताहत झाली. लुटणाऱ्याच्या हिशेबात कागदाला किंमत नव्हती. ज्या घरांत काही कागद उरले असतील, ते या बेपर्वाईमुळेच उरले असले पाहिजेत.

गोडसे यांचा हा वृत्तांतही बराच काळ बस्त्यातच होता. त्यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात लिहून काढला. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तोही बराच फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये वाचकांसमोर आली. मधल्या काळात कोणी ते हस्तलिखित रद्दीत घातले असते, तर १८५८ च्या झाशीचे मराठी माणसाने प्रत्यक्ष पाहिलेले एक महत्त्वाचे चित्र नाहीसे झाले असते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा जो पहिला खंड काढला, त्यातील पानिपतच्या काळची पत्रेही वाईला मिळालेल्या जुन्या कागदांतून आलेली होती. अशा कामासाठी राजवाडे पुढे गावोगाव हिंडले. वाळवीने व रद्दीच्या व्यापाऱ्याने त्यांच्या आधी येऊन जाणे हा त्यांच्या काळचाही अनुभव होता.

अडचण अशी आहे की, हे कागद ओळखू येत नाहीत. ते बहुधा मोडीत असतात, आणि मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून गेली. आजोबांच्या हिशेबाचे चिठोरे आणि एखाद्या इनामाची नक्कल नातवाला सारखीच दिसतात. त्यातून एक विचित्र उलटापालट घडते. पन्नास वर्षांपूर्वीचे क्रमिक पुस्तक पिवळे पडून हातात तुटते, कारण लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात आम्ल असते आणि उष्णतेने ते आपले काम अधिक वेगाने करते. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा चिंध्यांपासून केलेला हातकागद मात्र पुष्कळदा मऊ आणि चिवट राहतो. झाशीपासून फार दूर नसलेल्या कालपीला हातकागदाचा धंदा अजून चालतो. तेथील ताव हातात घेतला म्हणजे हा फरक बोटांना कळतो. तेव्हा कागद जितका चांगल्या स्थितीत, तितका तो अलीकडचा, ही समजूत माळा साफ करताना सोडून दिली पाहिजे.

अशा सफाईला एकच दिवस पुरत नाही, आणि दिवाळीच्या तोंडावरची घाई तिला मानवत नाही. फेब्रुवारीचे कोरडे, सौम्य दिवस सोयीचे पडतात. दोघांनी मिळून पक्क्या शिडीवरून सामान उतरवावे. स्टूल वापरू नये. ज्या वस्तू मागील वर्षभरात एकदा तरी खाली आल्या होत्या, त्या वर परत जाण्यास पात्र आहेत, पण हलक्या असतील तरच. बाकीच्यांपैकी मोड, रद्दी आणि कापड वेगळे करावे. हाताने लिहिलेला कागद मात्र, तो कसलाही असो, रद्दीच्या ढिगात त्या दिवशी टाकू नये. वाळवी नसल्याची खात्री करून तो सुती कापडात सैल बांधावा. दप्तरखान्यांतून असे बांधलेले गठ्ठे रुमाल म्हणून ओळखले जातात आणि जुन्या कारकुनांनी कापड निवडले ते विचार करूनच. त्यातून हवा खेळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्याचा ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते. रुमाल माळ्यावर न ठेवता खालच्या मजल्यावरील कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा, आणि वर कुटुंबाचे नाव व कोणत्या पेटीत मिळाला ते लिहावे. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत; १९१० मध्ये स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ अशा कागदांचा संग्रह व अभ्यास करीत आले आहे. पहिल्या पानाचे एक स्वच्छ छायाचित्र दाखविले तरी तो कागद हिशेबाचा आहे की पत्रव्यवहाराचा, एवढे जाणकाराला सहसा सांगता येते.