दिवेलागणीनंतरच्या गाड्या: बारामती-इंदापुरात रात्री काय खावं, कसं पारखावं

गाडीवर कोण जेवतं?

संध्याकाळी बारामतीत भिगवण रोडला किंवा गुणवडी चौकाच्या आसपास गाड्यांभोवती दिसणारी गर्दी निव्वळ हौशी खवय्यांची नसते. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झालं, विद्या प्रतिष्ठान १९७२ साली. त्यांच्यामुळे गावात खोली करून राहणारी मुलंमुली वाढली. पुढे एमआयडीसीतले पाळीचे कामगार आले. गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे ऊस नेणारे ट्रॅक्टरचालकही रात्री-अपरात्री रस्त्यावरच खातात. भुर्जीपाव किंवा अर्धी प्लेट राइस हेच यातल्या अनेकांचं रात्रीचं जेवण असतं. गाडीवरच्या स्वच्छतेचा विचार करायचा तो रोज तिथे जेवणाऱ्या या माणसांसाठी.

भिगवणची मासळी

या भागाची खरी खासियत मात्र वडापाव किंवा पावभाजी नव्हे, ती उजनीची मासळी. भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचं पाणी इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत तालुक्यांत पसरलं. जमिनी बुडाल्या, गावं उठली आणि त्याच पाण्यावर मासेमारीचा मोठा धंदा उभा राहिला. पुणे-सोलापूर महामार्गावरचं भिगवण हे त्याचं बाजाराचं गाव. इथल्या लिलावात कटला, रोहू, मरळ, वाम, शिंगटा असं बरंच काही येतं, पण ताटात सगळ्यात जास्त दिसते ती चिलापी.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ साली आणली गेली. काटक, कसल्याही पाण्यात तगणारी आणि भराभर वाढणारी असल्याने तिने जलाशयांत देशी माशांना मागे रेटलं, ही हानी मोठीच आहे. खाणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात एक मोठी सोय आहे: रोहू-कटल्याच्या मांसात रुतलेले बारीक दुहेरी काटे हिच्यात नसतात. त्यामुळे अंधुक दिव्याखाली, उभ्याने, लहान मुलाला भरवतानाही ती खाता येते. अख्ख्या माशाला दोन्ही अंगांनी चिरा द्यायच्या, हळद, मीठ, लसूण आणि लाल तिखट आत भरायचं आणि तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजायचं. सोबत भाकरी आणि लालभडक रस्सा. माझ्या मते या मुलखात रात्री खाण्याजोगं याहून सरस दुसरं काही नाही.

एक लक्षात ठेवा. मासळी पहाटे जाळ्यातून निघते आणि तुम्ही खाता रात्री. मधले सगळे तास ती बर्फात असायला हवी. तळण्याआधी मासा दाखवायला सांगा. डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर येणारी, तर मासा ताजा. कल्ले तपकिरी आणि वास उग्र असेल तर सरळ पुढे चला. मसाल्याच्या जाड थराखाली शिळेपणा सहज लपतो.

चायनीजच्या गाडीवरचा भात

धगधगत्या कढईवरचं अन्न सुरक्षित, अशी आपली समजूत असते. ती बरीचशी खरी आहे, फक्त भाताच्या बाबतीत अपुरी पडते. कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. दुपारी शिजवलेला भात पातेल्यात कोमट राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही, म्हणून नंतर कितीही परतलं तरी उलट्या व्हायच्या त्या होतात. भात थोडा-थोडा शिजवून लगेच संपवणारी गाडी शोधा. रात्री उशिरा तळाचा भात घेण्यापेक्षा नूडल्स बऱ्या.

तेल, चटणी, बर्फ

तेल काळं पडलं असेल, फेसाळत किंवा लवकर धुरत असेल, तर भजी घेऊ नका. पुन्हा-पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली की ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हिरवी चटणी आणि पाणीपुरीचं पाणी यांना आच लागत नाही, म्हणून तिथे पाणी कुठलं आहे हे विचारायला संकोच करू नये. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे. उसाच्या रसात निळसर बर्फ दिसला तर ग्लास परत करा. वर्तमानपत्रात बांधलेलं गरम खाणं नकोच, शाईतली द्रव्यं तेलकट पदार्थात उतरतात.

नळ कोणी द्यायचा?

गाडीवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण एका बादलीत वीस जणांच्या प्लेटा विसळायची वेळ त्याच्यावर येते, कारण त्याला नळ नाही. सिंगापूरने साठच्या दशकात फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना वाहतं पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या केंद्रांत जागा दिली. २०२० साली तिथल्या या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, विक्रीसाठी ठरलेल्या जागा आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी अशी तरतूद आहे. बारामती आणि इंदापूरच्या नागरिकांनी आपापल्या नगरपरिषदेकडे याच कायद्याच्या आधारे एक मागणी लावून धरावी: गाड्या उभ्या राहतात तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ, गटाराची जोडणी आणि पुरेसा उजेड द्या.