मान्सूनचे तरंग आणि ध्रुवांवरचे हिमढग

जुलै महिन्यात सीवूड्सच्या खाडीवर दाटून येणारे मान्सूनचे ढग फार तर १६-१७ किलोमीटर उंची गाठतात. पावसाचे सारे नाट्य तेथेच संपते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्याच दिवसांत, त्याच्या पाचपट उंचीवर आणि थेट उत्तर ध्रुवाच्या परिसरात, निराळ्याच प्रकारचे ढग तयार होत असतात. या दोहोंमध्ये नाते असावे, असे गेल्या काही वर्षांत उपग्रहांच्या नोंदी आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे दिसू लागले आहे.

इंग्रजीत 'नॉक्टिल्युसंट', म्हणजे रात्री उजळणारे, या नावाने ओळखले जाणारे हे ढग सुमारे ८३ किलोमीटर उंचीवर, मध्यांबराच्या वरच्या सीमेपाशी असतात. ते निव्वळ बर्फाचे असून त्यांतील कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे असतात. १८८५ च्या उन्हाळ्यात युरोपातील निरीक्षकांनी त्यांची पहिली ठळक नोंद केली. दोनच वर्षांपूर्वी क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, त्यामुळे सुरुवातीला त्या राखेशी त्यांचा संबंध जोडला गेला. जर्मनीच्या ओटो येसे यांनी १८८७ पासून छायाचित्रे घेऊन त्यांची उंची मोजली, आणि ती आजच्या मोजणीशी आश्चर्यकारकरीत्या जुळते.

साधारण १९ अंश अक्षांशावरील नवी मुंबईतून हे ढग दिसत नाहीत. त्यासाठी ५० ते ६५ अंशांच्या पट्ट्यात, सूर्य क्षितिजाखाली गेलेला असताना आकाश पाहावे लागते. अंटार्क्टिकावरील भारताच्या 'मैत्री' केंद्रातील शास्त्रज्ञांच्या डोक्यावर ते असतात खरे. पण ढगांचा हंगाम भरात असताना तेथे सूर्यच मावळत नाही!

या ढगांचे सर्वांत मोठे कोडे असे, की ते उन्हाळ्यात होतात. चोवीस तास ऊन असलेल्या ध्रुवाच्या माथ्यावर तापमान उणे १३० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. पृथ्वीच्या परिसरात एवढी थंड जागा दुसरी नाही. याचे उत्तर 'गुरुत्व तरंगां'मध्ये आहे. (कृष्णविवरांच्या टकरीतून निघणारे गुरुत्वीय तरंग ते हे नव्हेत.) डोंगरावरून वारा उसळला किंवा गडगडाटी ढग झपाट्याने वाढला, की हवेत लाटा उठतात. वर हवा विरळ होत जाते तसतशा त्या मोठ्या होतात आणि अखेर, किनाऱ्याशी लाट फुटावी तशा मध्यांबरात फुटतात. त्यांच्या धक्क्याने तेथील हवा उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे सरकू लागते. रिकामी झालेली जागा भरण्यासाठी खालची हवा वर चढते, प्रसरण पावते आणि थंड होते. उन्हाची ऊब या थंडीपुढे तोकडी पडते.

केवळ या ढगांच्या अभ्यासासाठी 'नासा'ने एप्रिल २००७ मध्ये 'एम' हा उपग्रह सोडला. त्याच्या कॅमेऱ्यांची युक्ती मोठी सुरेख होती. ते अतिनील किरणांच्या अशा तरंगलांबीवर चित्रे घेत, की जी खालचा ओझोनचा थर शोषून घेतो. त्यामुळे खालची पृथ्वी जवळजवळ काळी दिसे आणि वरचे विरळ ढग त्यावर उठून दिसत. दुसऱ्या उपकरणाने बर्फाच्या कणांत जळालेल्या उल्कांची सूक्ष्म धूळ असल्याचे दाखवले. बाष्पाला गोठण्यासाठी हवे असलेले बीज ते हेच.

मान्सूनचा धागा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून पुढे आला. त्यात २००७ च्या उन्हाळ्यातील 'एम'च्या ढगांच्या नोंदी, 'टाइम्ड' या दुसऱ्या उपग्रहाने मोजलेले तापमान आणि वातावरणाचे प्रारूप एकत्र वापरले गेले. उपग्रहाला तरंगांचे ठसे दिसतात. त्यांची वाट मात्र प्रारूपातूनच उलगडते. ती वाट सरळ उभी नव्हती. मान्सून प्रदेशातील ढगांतून निघालेले तरंग, वर जाताना ध्रुवाकडे कललेल्या पूर्वेकडील वाऱ्यांच्या झोताबरोबर तिरपे उत्तरेकडे जात होते, आणि त्यांचा जोर व ध्रुवीय ढगांचे प्रमाण यांत मेळ होता. एका हंगामातील मेळ म्हणजे सिद्धता नव्हे, हे खरे. तरीही कोकणपट्टीसह साऱ्या मान्सून प्रदेशाची दखल आता ध्रुवीय ढगांच्या गणितात घ्यावी लागते.

या गणिताला महत्त्व आहे ते मिथेनमुळे. दलदलीतून, भातखाचरांतून, गुरांपासून आणि कचराभूमींतून निघणारा हा वायू सुमारे दशकभर टिकतो आणि जगभर पसरतो. उंचावर पोहोचल्यावर त्याच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू तयार होऊ शकतात. जर्मन शास्त्रज्ञांनी १८७१ पासूनचा काळ प्रारूपात उभा केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की मध्य अक्षांशांत पूर्वी कित्येक दशकांतून एकदा दिसू शकले असते असे ठळक ढग आता काही वर्षांतून एकदा दिसतात, आणि त्याचे मुख्य कारण मिथेनपासून आलेले पाणी हे आहे.

मात्र पाणी रॉकेटही नेते. कल्पना चावला यांना घेऊन १६ जानेवारी २००३ रोजी झेपावलेल्या 'कोलंबिया'च्या मुख्य इंजिनांतून बाहेर पडलेली वाफ अवघ्या तीन-चार दिवसांत अंटार्क्टिकावर पोहोचली आणि तेथे ढग वाढले, असे नंतर उघड झाले. सूर्याचे अकरा वर्षांचे चक्र त्यात भर घालते. ही कारणे एकमेकांपासून वेगळी काढायची तर अनेक दशकांची अखंड नोंद हवी. 'एम' मात्र बॅटरी निकामी झाल्याने २०२३ मध्ये थांबला. ओझोन मोजणाऱ्या उपग्रहांवरून ढगांची मोजणी होत असली, तरी ती त्यांची दुय्यम कामगिरी आहे.

अखंड नोंदीचे मोल मुंबईला जुने आहे. विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली, तेव्हा १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप झाले, जेणेकरून जुनी व नवी नोंद जुळावी. तो वारसा आज सीवूड्सहून हार्बर मार्गावर काही स्थानके पुढे, नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिचे कोल्हापूरचे रडार मध्यांबरातील वारे मोजते. मान्सूनचे तरंग जेथून निघतात, त्या टोकाकडची ही नोंद आहे.