साबणाच्या वडीपासून गाडीच्या ग्रीसपर्यंत

“या साबणात चरबी तर नाही ना?” हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. उत्तर वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत असते. ‘सोडियम पामेट’ म्हणजे पाम तेल, ‘सोडियम कोकोएट’ म्हणजे खोबरेल आणि ‘सोडियम टॅलोएट’ म्हणजे जनावराची चरबी. नुसते ‘ग्लिसरिन’ लिहिले असेल, तर ते कशाचे हे कंपनीला विचारावे. कारण ते तेलातूनही निघते आणि चरबीतूनही.

तेल कॉस्टिक सोड्यात उकळले की साबण आणि ग्लिसरिन तयार होते. कारखान्यात जास्त दाबाची तापलेली वाफ वापरली, तर मेदाम्ले आणि ग्लिसरिन मिळते. शंभर किलो तेलामागे ग्लिसरिन साधारण दहा किलो. मेदाम्लांपासून पुढे क्रीम, शाम्पू, रंग, वंगण बनते. यातले बरेच काही खनिज तेलापासूनही होते. पण खनिज तेल एकदा उपसले की संपले, पीक मात्र दरसाल येते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) वाळूजला गाड्या तयार होतात. मेकॅनिक बेअरिंगला जे लिथियम ग्रीस भरतो, त्याला घट्टपणा येतो तो बहुधा एरंडेलापासून केलेल्या आम्लामुळे. इंधनाच्या नळ्यांसाठी वापरले जाणारे नायलॉन-११ सुद्धा एरंडेलाचेच. दादी पोट साफ होण्यासाठी चमचाभर पाजायची, तेच हे तेल! जगातले बहुतेक एरंडेल भारतातले, त्यातही मुख्यतः गुजरातचे.

मराठवाड्याची स्वतःची करडईही कमी नाही. तिचे तेल हवेत सुकून पातळ थर धरते आणि सहसा पिवळे पडत नाही, म्हणून ते रंगांच्या राळेत चालते. खोल मुळांमुळे ती रब्बीत कमी पाण्यावर येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हे वाण दिले. पण काट्यांमुळे कापणीला मजूर मिळत नाहीत. शेतकरी हरभऱ्याकडे वळला आणि पेरा घटत गेला.

वनस्पतीजन्य म्हणजे सगळेच चांगले, असेही नाही. पामसाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगले तुटली. खाण्याचे तेल कारखान्याकडे वळले, तर त्याची झळ स्वयंपाकघराला बसते. एरंडेल खाद्यतेल नाही, ही त्याची जमेची बाजू.

बारावी विज्ञानाची मुले-मुली घरात असतील, तर एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला: मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत आणि नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत तेल तंत्रज्ञानाची पदवी घेता येते. साबणाबद्दलचा आपला प्रश्न उद्या आपल्याच मुलांनी प्रयोगशाळेत सोडवावा, अशी आमची इच्छा आहे.