बीजगुण आणि जमीन : रब्बी ज्वारीच्या बियाण्याची निवड

रब्बीची ज्वारी काढणीस आली म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील कित्येक शेतकरी पुढील हंगामाच्या बियाण्यासाठी मोठी कणसे निवडून वेगळी ठेवतात. ही चाल चांगली आहे. परंतु मोठे कणीस बहुधा सापडते कोठे? विहिरीच्या पाटाकडेला, शेणखताचा ढीग जेथे पडला होता तेथे, किंवा बांधालगतच्या मोकळ्या जागेत. अशा कणसांचे बी पुढील वर्षी साऱ्या रानात पेरले असता पीक मागील वर्षासारखेच येते आणि बियाण्यास दोष दिला जातो. वस्तुतः दोष निवडीच्या रीतीत असतो. तो कसा, हे समजण्यासाठी पिकाच्या अंगी गुण कोठून येतात ते पाहिले पाहिजे.

गुणांचे दोन उगम

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असून त्यांवर जनुके असतात. ज्वारीच्या पेशीत गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व एक पित्याकडून येते. ताटाची उंची, दाण्याचा रंग, फुलोऱ्याची वेळ, रोगास तोंड देण्याची शक्ती यांविषयीच्या सूचना या जनुकांत साठविलेल्या असतात. परंतु सूचना म्हणजे पीक नव्हे. त्या अमलात येण्यास ओल, अन्नद्रव्ये, ऊन व योग्य तापमान लागते.

काही गुण जवळजवळ सर्वस्वी जनुकांवर अवलंबून असतात. पांढऱ्या दाण्याच्या वाणास मुरमाड रानातही लाल दाणा येत नाही. उलट कणसाचे वजन व कडब्याचा उतारा यांवर परिस्थितीचा मोठा प्रभाव पडतो. एकाच पिशवीतील बी काळ्या भारी जमिनीत व हलक्या माळावर पेरले, तर दोन पिके एकाच वाणाची आहेत असे वाटणारही नाही. 'खाण तशी माती' ही म्हण म्हणूनच अर्धी खरी आहे.

घेवड्याचा प्रयोग

हा भेद डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्पष्ट केला. घेवड्याचे पीक स्वपरागसिंचित आहे. एकेका दाण्यापासून झालेली संतती त्यांनी वेगळी ठेवली. अशा एकाच संततीतील मोठे दाणे एकीकडे व लहान दाणे दुसरीकडे पेरले असता दोन्हींच्या पुढील पिकातील दाण्यांचे सरासरी वजन सारखेच भरले. कारण त्यांची जनुके एकच होती. लहान-मोठेपणा परिस्थितीने आलेला होता आणि तो बियाण्याबरोबर पुढे गेला नाही. निरनिराळ्या संततींच्या मिश्रणातून निवड केली असता मात्र फरक पडला. 'जीन' हा शब्दही योहान्सन यांनीच १९०९ साली रूढ केला.

यातून दोन गोष्टी निघतात. मिश्र बियाण्यातून केलेली निवड फळास येते. खताने किंवा पाण्याने आलेला मोठेपणा मात्र कितीही वेळा निवडला तरी वारशाने मिळत नाही.

मालदांडीचे उदाहरण

सोलापूर जिल्ह्याच्या भूमीतच पहिल्या गोष्टीचे उत्तम उदाहरण आहे. मोहोळ येथील संशोधन केंद्रात १९३० च्या सुमारास स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण तयार झाला. शुभ्र, टपोरा, चमकदार दाणा, भाकरीची चव आणि कडब्याची प्रत यांमुळे तो अद्यापही टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कीर्तीत वाणाचा वाटा आहे, तसाच तेथील खोल काळ्या जमिनीचाही आहे. दोहोंपैकी एक वगळल्यास ती ज्वारी तशी होत नाही.

याच्या उलट अनुभव संकरित ज्वारीने दिला. सी.एस.एच.१ हा भारतातील पहिला संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाला व खरिपात त्याने उत्पादन पुष्कळ वाढविले. परंतु खरिपातील संकरित वाण रब्बीत तसे यशस्वी झाले नाहीत. रब्बीचे पीक जमिनीत साठलेल्या व दिवसेंदिवस ओसरणाऱ्या ओलीवर वाढते. त्यास थंड रात्री, खोडमाशी व खडखड्या रोग यांस तोंड द्यावे लागते. एका परिस्थितीत पहिला येणारा वाण दुसरीत मागे पडू शकतो. म्हणून 'सर्वांत चांगला वाण कोणता?' हा प्रश्न अपुरा आहे. 'या जमिनीत, या हंगामात चांगला वाण कोणता?' असे विचारले पाहिजे.

जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण

या विचारानेच राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार रब्बी ज्वारीच्या वाणांच्या शिफारशी केल्या आहेत. सुमारे ३० सेंटीमीटरपर्यंत खोल अशा हलक्या जमिनीस फुले अनुराधा व फुले माऊली. ६० सेंटीमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीस फुले सुचित्रा व मालदांडी ३५-१. त्याहून खोल भारी जमिनीस फुले वसुधा व फुले यशोदा. आणि भारी जमिनीत पाण्याची सोय असल्यास फुले रेवती हे वाण योग्य होत. हलक्या रानात ओल लवकर संपते, म्हणून तेथे लवकर पक्व होणारा वाण साधतो. भारी रानात उशिरा येणाऱ्या वाणास दाणा भरण्यापुरती ओल उरते. यासाठी वाण ठरविण्यापूर्वी शेतात दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो हे मोजावे.

परिस्थिती विपरीत झाली तर

जनुकांत असलेली एखादी शक्ती परिस्थितीमुळे घातकही ठरते. ज्वारीच्या कोवळ्या पिकात हायड्रोसायनिक आम्ल हे विष निर्माण करणारे द्रव्य असते. पावसाने ताण दिल्यास खुरटलेल्या कोवळ्या ताटांत त्याचे प्रमाण वाढते व अशा रानात चरलेली जनावरे दगावतात. पीक वाढून फुलोऱ्यावर आले म्हणजे हे प्रमाण बरेच कमी होते. बी तेच असते. ताणाने त्याचे वर्तन बदलते. म्हणून ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत जनावरे सोडू नयेत.

कणसे निवडण्याची रीत

पुढील वर्षाचे बियाणे निवडताना परिस्थितीने आलेला मोठेपणा बाजूस ठेवणे हीच खरी कसोटी होय. त्यासाठी पुढील रीत पाळावी :

१. बांध, पाट, खताच्या ढिगाची जागा व पिकातील मोकळ्या जागा सोडून शेताच्या मध्यभागातून निवड करावी.

२. प्रत्येक ताटाची तुलना त्याच्या शेजारच्या, सारख्याच अंतरावरील ताटांशी करावी. समान परिस्थितीत जे सरस ठरले, त्याचाच गुण बियाण्यात असण्याचा संभव अधिक.

३. खोडमाशी व खडखड्यापासून मुक्त, न लोळलेली व त्या वाणाच्या लक्षणांशी जुळणारी ताटे घ्यावीत. वेगळ्या जातीची ताटे फुलोऱ्यापूर्वीच उपटून टाकावीत. कारण ज्वारीत काही प्रमाणात परपरागीभवनही होते.

४. एकाच कणसावर भिस्त न ठेवता पुष्कळ कणसांचे बी एकत्र करावे.

५. संकरित वाणाचे बी पुन्हा पेरू नये. दुसऱ्या पिढीत जनुकांची फेरमांडणी होऊन पीक एकसारखे राहत नाही.

गावातील चाचणी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे तत्त्व केवळ व्याख्यानाने न सांगता शेतातच दाखवावे. दोन वाण घ्यावेत. दोघांचेही बी एक हलक्या व एक भारी अशा दोन रानांत, सारख्याच आकाराच्या तुकड्यांत, एकाच सुमारास पेरावे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, ४५ × १५ सेंटीमीटर अंतरावर करावी व चारही तुकड्यांचे दाणे व कडबा वेगवेगळा वजन करावा. एकाच रानातील दोन वाणांतील फरक बियाण्याचा. एकाच वाणाचा दोन रानांतील फरक जमिनीचा. आणि हलक्या रानात एक व भारी रानात दुसरा वाण वरचढ ठरला, तर वाण जमीन पाहून का निवडावा याचे उत्तर गावकऱ्यांस तराजूवरच मिळेल. एका वर्षाचा पाऊस फसवा असू शकतो, म्हणून चाचणी दोन-तीन वर्षे करावी.

बियाण्याचा गुण एकदा नीट निवडला व जपला म्हणजे वर्षानुवर्षे साथ देतो. परिस्थितीची साथ मात्र वारशाने येत नाही. बांधबंदिस्ती, पेरणीपूर्वी वाफे करून पाणी जिरविणे, वेळेवर कोळपणी ही कामे दर हंगामास नव्याने करावी लागतात. जो शेतकरी यांतील एकावरच विसंबतो, त्याचे अर्धे पीक रानातच राहते.