काटकोनातील फिरती गती : वऱ्हाडातील यंत्रे, घरगुती रचना आणि परिभाषा

फिरणाऱ्या एका दंडाची गती त्याच्याशी काटकोन करून असलेल्या दुसऱ्या दंडास कशी द्यावयाची, हा यंत्रविद्येतील एक जुना प्रश्न होय. मराठीत त्याची चर्चा करू लागताच प्रथम भाषेची अडचण उभी राहते. ‘दिशा बदलणे’ या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन भिन्न क्रिया येतात, आणि त्या वेगळ्या ओळखल्याखेरीज यंत्राचे आकलन होत नाही. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत या तिन्ही क्रियांची उदाहरणे शोधावयास फार दूर जावे लागत नाही.

पहिली क्रिया मोटेची. बैल धावेवरून उतरतात, नाडा चाकावरून वळतो आणि मोट विहिरीतून उभी वर येते. येथे ओढ काटकोनात वळली हे खरे. परंतु एका दंडाचे फिरणे दुसऱ्यास मिळालेले नाही. दुसरी क्रिया कापूस रेचण्याच्या जुन्या हातयंत्राची. त्यात दोन रूळ एकमेकांस समांतर असतात. त्यांच्या टोकांस कोरलेली मळसूत्रे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे एक रूळ फिरला की दुसरा उलट फिरतो, रुई पलीकडे ओढली जाते आणि सरकी अलीकडे राहते. येथे फिरण्याची बाजू बदलली, दंडांची मांडणी समांतरच राहिली. तिसरी क्रिया रहाटाची. बैल गोल फिरतो, त्यामुळे उभ्या दंडावरील आडवे चक्र फिरते, त्याचे लाकडी दाते उभ्या चक्राच्या दात्यांत अडकतात आणि आडवा दंड फिरून गाडग्यांची माळ वर येते. काटकोनातील गती म्हणावयाची ती हीच.

‘रहाट’ हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’ व प्राकृत ‘अरहट्ट’ यांच्या वाटेने मराठीत आला. मराठीत त्याचा अर्थ पुढे इतका सैल झाला की विहिरीवरील साध्या फिरत्या चाकासही रहाट म्हणू लागले. मोटेच्या प्रदेशात दातेरी रहाट क्वचित असल्याने शब्द उरला आणि त्यातील यंत्रकल्पना मागे पडली, असे म्हणावयास जागा आहे.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसास मोठी मागणी आली. त्याच दशकात रेल्वेही अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरकडे गेली. पुढे वाफेवर चालणारे जीन उभे राहिले, आणि एका लांब दंडावरून चामडी पट्ट्यांनी अनेक यंत्रे फिरविण्याची पद्धत या भागास परिचित झाली. पट्ट्याचे तीन प्रकार ध्यानात घेण्याजोगे आहेत. पट्टा सरळ घातला तर दोन्ही दंड एकाच बाजूस फिरतात. फुलीसारखा आडवा घातला तर उलट बाजूस फिरतात. आणि त्यास पाव पीळ दिला तर काटकोनातील दंडही फिरविता येतो. या शेवटच्या प्रकारात एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो : एका पुलीवरून सुटणाऱ्या पट्ट्याची मध्यरेषा ज्या पुलीकडे जावयाची, तिच्या मध्यपातळीतच असली पाहिजे. हा नियम फिरण्याच्या एकाच बाजूस साधतो. यंत्र उलट फिरविले की पट्टा पुलीवरून उतरतो. शिवाय दंडांमध्ये पुरेसे अंतर हवे. अपुऱ्या जागेत ही रचना निरुपयोगी ठरते.

अशा अपुऱ्या जागेसाठी, दातेरी चक्रे कापण्याचे साधन हाताशी नसताना, एक सुलभ रचना करता येते. ती हॉबसनचा सांधा या नावाने ओळखली जाते. सारख्या आकाराचे दोन भरीव दंडगोल घ्यावेत. प्रत्येकाच्या तोंडावर सारख्याच त्रिज्येचे वर्तुळ आखून १२० अंशांच्या अंतराने तीन भोके आसाला समांतर पाडावीत. दोन्ही दंडगोल काटकोनात, तोंडे एकमेकांस लागणार नाहीत असे बसवावेत. मग तीन गुळगुळीत सळया काटकोनात वाकवून प्रत्येकीची एक बाजू एका दंडगोलाच्या भोकात व दुसरी बाजू दुसऱ्याच्या भोकात घालावी. एक दंडगोल फिरविताच सळया भोकांतून आतबाहेर सरकतात आणि दुसरा दंडगोल तितक्याच वेगाने फिरू लागतो.

सळया तीनच का, याचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. सळई वर्तुळाच्या अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या बिंदूवर आली की पहिला दंडगोल तिला ज्या दिशेने ढकलतो, ती दिशा दुसऱ्या दंडगोलाच्या आसाला समांतर असते. त्या क्षणी सळई केवळ सरकते. दुसऱ्या दंडगोलास कोणत्या बाजूने फिरावे याची आज्ञा तिच्याकडून मिळत नाही. समोरासमोरच्या दोनच सळया असत्या, तर दोन्ही एकदमच अशा मुक्या झाल्या असत्या. तीन सळयांत तसे कधीही घडत नाही.

मापांचा हिशेबही सोपा आहे. भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४० मिलिमीटर असेल, तर प्रत्येक फेरीत सळई ४० मिलिमीटर सरकते. दंडगोलाचा व्यास ६० मिलिमीटर आणि त्याचे तोंड दोन्ही आसांच्या छेदनबिंदूपासून ३२ मिलिमीटरवर ठेवले, तर सळईची उघडी लांबी १२ ते ५२ मिलिमीटर यांमध्ये बदलते. ती सर्वाधिक बाहेर असतानाही ३० मिलिमीटर आत राहावी असे धरल्यास, प्रत्येक बाजू कोपऱ्यापासून किमान ८२ मिलिमीटर हवी. आणि भोक ७० मिलिमीटरहून खोल हवे. हा हिशेब न करता सळया आखूड कापल्या, तर पहिल्याच फेरीत त्या बाहेर पडतात. या रचनेत सारे काम घासून सरकण्याने होत असल्याने वंगण सतत लागते, आणि जड कामास ती सोसत नाही.

जड कामासाठी मोडीत निघालेल्या मोटारीचे डिफरन्शियल हे आयतेच साधन होय. त्यात लहान चक्रास १० व मोठ्यास ४० दाते आहेत असे धरू. मिनिटास १४४० फेऱ्या घेणारी मोटर लहान चक्रास जोडली, तर मोठे चक्र ३६० फेऱ्या घेईल. येथे अनेकांची गफलत होते. दोन अर्धदंडांपैकी एक जखडून दुसऱ्यावरून काम घेतल्यास तो ३६० नव्हे, तर ७२० फेऱ्या घेतो. कारण दोन्ही अर्धदंडांच्या फेऱ्यांची बेरीज मोठ्या चक्राच्या फेऱ्यांच्या नेहमी दुप्पट असते. वेग दुप्पट होतो तसा पिळण्याचा जोर निम्मा होतो. मोठ्या चक्राचाच वेग हवा असेल, तर आतील लहान चक्रे पक्की जोडून दोन्ही अर्धदंड एकजीव करावे लागतात.

मोटारीतील क्रॉस, म्हणजे हुकचा सांधा, याच कामास लावण्याचा मोहही होतो. तथापि कोन ३० अंशांचा झाला तरी बाहेरील दंडाचा वेग प्रत्येक फेरीत ०.८७ पट ते १.१५ पट असा डळमळतो, आणि ९० अंशांवर तो सांधा मुळीच फिरत नाही.

आता पुन्हा शब्दांकडे वळू. संस्कृत ‘अक्ष’ या शब्दापासून आलेला ‘आस’ मराठी माणसाच्या मनात बैलगाडीशी निगडित आहे. गाडीचा आस स्थिर असतो; फिरते ते चाक. यंत्रातील दंड मात्र स्वतः फिरतो. ‘आस’ हा शब्द भूमितीतील कल्पित रेषेसाठी राखून फिरत्या वस्तूस ‘दंड’ म्हणणे, हे म्हणूनच शब्दच्छल नव्हे. गुळगुळीत दंड वेगाने फिरत असता डोळ्यांस स्थिरच भासतो. त्यात भाषेनेही त्यास स्थिर वस्तूचे नाव दिले, तर पदराचे टोक किंवा धोतराचा सोगा त्यापासून दूर ठेवण्याचे भान आणखी सुटते. मळणीयंत्रांवर हात गमावण्याचे प्रकार घडत गेल्यावर १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. घरगुती यंत्राकडे तपासनीस येत नसतो. तेथे पत्र्याचे झाकण बनविणाऱ्यानेच बसवावयाचे असते, आणि सळयांचा सांधा तर उघडा ठेवूच नये, कारण त्याच्या कोपऱ्यातील फट प्रत्येक फेरीत मिटते.

दंतचक्र, धारवा, दंड हे ग्रंथातील शब्द आणि गिअर, बेरिंग, शाफ्ट हे कारखान्यातील शब्द यांपैकी कोणते स्वीकारावेत, हा वाद येथे गौण आहे. कारागीर ‘बेरिंग’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वस्तू स्पष्ट असते; तो शब्द बदलून काही साधत नाही. परंतु जेथे एकच शब्द दोन वस्तूंस लागतो, किंवा तीन क्रिया एका शब्दप्रयोगात दडतात, तेथे भेद करणे हे भाषाभ्यासकाचे कर्तव्य ठरते. ओढ वळणे, फेर उलटणे आणि दंड वळणे हे तीन भेद एकदा मराठीत नीट मांडले, की मोट, रेचा आणि रहाट ही तीन जुनी यंत्रेच नव्या विद्यार्थ्याची पाठ्यपुस्तके होतात.