बढतीचं पहिलं वर्ष

भारतातली तेव्हाची अव्वल फुटबॉल लीग म्हणजे आय-लीग. तिच्या २००९-१० च्या हंगामात १४ संघ होते आणि त्यांतले चार खालच्या श्रेणीतून नुकतेच वर आलेले होते. साळगावकर आणि विवा केरळ हे दोघे आधी एकदा वर खेळून घसरले होते आणि परतले होते. शिलाँग लाजाँग आणि पुणे एफसी यांची मात्र ही पहिलीच वेळ. प्रत्येकाचे २६ सामने झाले आणि गुणतक्ता लागला, तेव्हा पुणे एफसी तिसऱ्या जागेवर होती.

तिसरी जागा म्हणजे काय, हे समजायला वर आणि खाली कोण होतं ते पाहावं लागतं. वर डेम्पो. आर्मांदो कुलासो यांच्या या गोव्याच्या संघाचं ते चौथं राष्ट्रीय विजेतेपद. त्याखाली चर्चिल ब्रदर्स, म्हणजे आदल्याच वर्षीचे विजेते. आणि पुण्याच्या खाली? १८८९ पासून चालत आलेला मोहन बागान. १९२० चा ईस्ट बंगाल. आय-लीगच्या आधीच्या राष्ट्रीय लीगचं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवणारी जेसीटी. २००५-०६ ची विजेती महिंद्रा युनायटेड. दोन वर्षांपूर्वी जन्मलेला क्लब या सगळ्यांच्या पुढे होता. महाराष्ट्राच्या फुटबॉलमधली ही फार मोठी गोष्ट होती आणि तेव्हाही तिच्याकडे पुरेसं कुणी पाहिलं नाही. नव्याने वर आलेल्या संघाला पहिल्या वर्षी एकच प्रश्न विचारला जातो: टिकणार का? पुण्याच्या बाबतीत तो विचारायचीच वेळ आली नाही.

हे सोपं नव्हतं. त्या काळी द्वितीय श्रेणी खेळली जायची ती स्पर्धेसारखी. संघांचे गट पाडायचे, एका गावी जमायचं, थोड्या आठवड्यांत एकामागून एक सामने उरकायचे, मग अंतिम फेरी. त्यात एखादा गोलरक्षक भरात असला, दोन आघाडीपटूंचं जमलं, तर संघ वर जातो. लीग म्हणजे सहा-आठ महिन्यांचं काम. कलकत्त्याच्या सॉल्ट लेकचं अवाढव्य मैदान, गोव्याचा दमट उकाडा, पंजाबची थंडी, शिलाँगची दीड हजार मीटरची उंची. आणि प्रत्येक प्रवासानंतर चार-पाच दिवसांत पुन्हा नव्वद मिनिटं. दुखापती होतात, पिवळी कार्डं साठतात, राखीव खेळाडूंना मैदानात उतरवावं लागतं. अकरा जणांच्या बळावर बढती मिळते, पण लीगला वीस-बावीस जणांचा ताफा लागतो. बहुतेक नवे संघ इथेच कमी पडतात.

लाजाँगचं तसंच झालं. त्याच हंगामात या संघाने फेडरेशन कपची अंतिम फेरी गाठली होती, ईस्ट बंगालला पेनल्टीपर्यंत झुंजवलं होतं. बाद पद्धतीच्या स्पर्धेत इतका वर गेलेला संघ लीगमध्ये मात्र तळाला राहिला आणि एका वर्षात परत खाली गेला. त्याआधीच्या हंगामात मुंबई एफसी पहिल्यांदा वर खेळली. डेव्हिड बूथ या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली तिने २००८ ची द्वितीय श्रेणी जिंकली होती. ती वर टिकली. तिच्यासोबत वर आलेला १८९१ चा मोहमेडन स्पोर्टिंग मात्र लगेच घसरला. जुनं नाव इथे कुणाला वाचवत नाही.

पुण्याने नेमकं काय बरोबर केलं? मला वाटतं, सगळ्यात मोठा निर्णय प्रशिक्षकाचा. डेरिक परेरा गोव्याचे, भारताकडून बचावफळीत खेळलेले, आणि महिंद्रा युनायटेडला २००५-०६ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेले. देशातल्या प्रत्येक संघाची, प्रत्येक मैदानाची त्यांना माहिती. नव्या क्लबला बाहेरच्या देशातल्या मोठ्या नावाचा मोह सहज पडतो; पुण्याने घरचा जाणकार माणूस निवडला. खेळाडूही तसेच विचार करून घेतले. अराता इझुमी महिंद्रातून आला. जपानमध्ये जन्मलेला, वडील गुजराती. तेव्हा तो जपानी पासपोर्टवर, म्हणजे परदेशी खेळाडू म्हणून खेळत होता. पुढे त्याने ते नागरिकत्व सोडलं, भारताचं घेतलं आणि २०१३ मध्ये भारताचा शर्ट घातला. पुण्याच्या मधल्या फळीत त्याचा पाय शांत असायचा. घाई नसलेला एक माणूस मधे असला की बाकीच्यांची धांदलही कमी होते.

क्लब उभा केला होता अशोक पिरामल समूहाने, २००७ मध्ये. त्याआधी महाराष्ट्रातला मोठा फुटबॉल म्हणजे कंपन्यांचा आणि सरकारी खात्यांचा फुटबॉल होता: मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा. खेळाडूला नोकरी मिळायची, तो सकाळी सराव करायचा आणि रोव्हर्स कपसाठी मुंबईच्या कूपरेजवर उतरायचा. पुणे एफसी हा वेगळा प्रयोग होता. फुटबॉल हेच काम असलेला, शहराचं नाव लावणारा क्लब. घरचं मैदान बालेवाडीचं, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. मैदानाभोवती धावपट्टी, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून दूर. आणि मैदान स्वतःच गावापासून दूर. खडकीत आणि कॅम्पात फुटबॉल पिढ्यान् पिढ्या मुरलेला, पण तिथल्या पोराला संध्याकाळी बालेवाडी गाठायची म्हणजे दोन बस. हा तपशील किरकोळ वाटेल. तो किरकोळ नव्हता.

हंगाम संपला आणि महिंद्रा युनायटेड बंद झाली. कंपनीने निर्णय घेतला, संघ संपला. २००९-१० मध्ये अव्वल श्रेणीत महाराष्ट्राचे चार संघ होते: महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई आणि पुणे. इतके एकत्र पुन्हा दिसले नाहीत. पुण्याच्या सोबत बढती मिळालेल्या साळगावकरने पुढच्याच वर्षी आय-लीग जिंकली. पुणे २०१२-१३ मध्ये उपविजेते झाले, २०१४ मध्ये एएफसी कप खेळले, त्यांच्या अकादमीने कुमार गटाच्या राष्ट्रीय लीग जिंकल्या. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, त्याच बालेवाडीत एफसी पुणे सिटी नावाचा दुसरा संघ खेळू लागला, आणि २०१५ नंतर पुणे एफसी राहिली नाही. अकादमी नव्या क्लबने घेतली. २०१९ मध्ये तोही क्लब संपला, त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. दहा वर्षांपूर्वी देशात तिसऱ्या आलेल्या शहराकडे दाखवायला संघ उरला नव्हता.

मी गडचिरोलीचा. पुण्याच्या एका क्लबची गोष्ट इथे बसून लिहावीशी का वाटली, ते सांगतो. पुणे एफसीत कारकिर्दीची पहिली पावलं टाकणाऱ्या पोरांत जेजे लालपेख्लुआ होता, मिझोरामचा. त्याच्या राज्यात तेव्हा अव्वल श्रेणीचा क्लबच नव्हता, म्हणून त्याला इतक्या लांब यावं लागलं. आता हे आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या १० लाख ९७ हजार. गडचिरोली जिल्ह्याची १० लाख ७२ हजार. जवळजवळ सारखीच. दोन्हीकडे जंगल, दोन्हीकडे आदिवासी समाज, दोन्हीकडे पावसाळ्यात तुटणारे रस्ते. त्या मिझोरामने २०१२ मध्ये स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली. स्थानिक केबल वाहिनीने पैसे दिले आणि सामने घरोघरी दाखवले. २०१४ मध्ये राज्याने संतोष करंडक जिंकला. आणि २०१५-१६ मध्ये ऐझॉल एफसी बढती मिळवून आय-लीगमध्ये आली.

ऐझॉलचं पहिलं वर्ष पुण्याच्या अगदी उलट गेलं. नऊ संघांत ते आठवे आले. नववा, म्हणजे सगळ्यात तळाचा संघ पुण्याचाच होता, डीएसके शिवाजियन्स. पण तो कंपनीच्या बोलीवर थेट दाखल झालेला, त्यामुळे काही वर्षं घसरण त्याला लागू नव्हती. शेवटून दुसरे आलेले ऐझॉल खाली ढकलले गेले. खेळून वर आलेल्याला नियम, पैसे भरून आलेल्याला सूट. मला हा नियम तेव्हाही अन्यायाचा वाटला होता, आजही वाटतो.

त्यानंतर जे झालं ते कुणाच्याच हातात नव्हतं. गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या, ऐझॉलला परत बोलावलं गेलं. प्रशिक्षक म्हणून आले खालिद जमील. मुंबई एफसीने त्यांना सात वर्षांनंतर निरोप दिला होता. त्यांच्यासोबत मुंबईहून जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे खेळाडू गेले. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी झाली आणि ऐझॉल भारताचा विजेता ठरला. ईशान्येकडच्या क्लबचं हे पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद. त्याच हंगामात मुंबई एफसी घसरली आणि पुढे बंदच झाली. खालिद जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

पुणे पहिल्या वर्षी तिसरं आलं आणि सहा वर्षांत संपलं. ऐझॉल पहिल्या वर्षी घसरलं आणि दुसऱ्या वर्षी जिंकलं. पहिल्या हंगामात एखादा संघ कितवा आला, यावरून त्याच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज येत नाही. संघ कुणाच्या आधारावर उभा आहे, यावरून येतो. आमच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, नाटक कंपन्या पाहा. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगावची मंडळं प्रयोग ठरवतात, गावकरी तिकीट काढून रात्रभर बसतात. एखादा निर्माता थांबला तरी झाडीपट्टीची रंगभूमी थांबत नाही, कारण बोलावणारं गाव जागेवर असतं. पुणे एफसीकडे उत्तम प्रशिक्षक होता, अकादमी होती, व्यवस्थापन नीट होतं. तिला बोलावणारं गाव मिळालं नाही, आणि मालकांनी हात काढल्यावर तिला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. मालकांना दोष द्यायची माझी इच्छा नाही. आठ वर्षं त्यांनी मनापासून पैसे घातले, पोरं घडवली. बालेवाडी आणि खडकीमधलं अंतर कमी करायचं काम एकट्या मालकाचं नव्हतंही.

दरम्यान देशातली शिडीही बदलली. आय-लीगच्या वर सुपर लीग आली, पण तिला सुरुवातीची नऊ वर्षं बढतीच नव्हती. २०२२-२३ ची आय-लीग जिंकून पंजाब एफसी वर गेली, ती पहिली. पुढच्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग गेला आणि त्या पहिल्या हंगामात १३ संघांत तेरावा आला. महाराष्ट्रातून त्या वाटेने कुणी वर गेलं नाही. मुंबईचा केंकरे आय-लीगपर्यंत गेला होता, २०२३ मध्ये तोही घसरला.

२०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, तेव्हा राज्यभरातल्या शाळांमध्ये फुटबॉल वाटले गेले आणि १५ सप्टेंबरला एकाच दिवशी लाखो मुलं खेळली. चेंडू आला, खेळ एक दिवस झाला, पण पुढच्या शनिवारी कुणाशी खेळायचं हे ठरलेलं नव्हतं. आज आमच्याकडच्या मुलाला असलेली वाट म्हणजे शालेय सुब्रतो कप: तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, राज्य. हरला की त्याच दिवशी वर्ष संपलं. सिरोंच्याच्या संघाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायलाच दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, एका सामन्यासाठी.

म्हणून जिल्ह्याची स्वतःची लीग हवी. गडचिरोलीत १२ तालुके आहेत. उत्तरेचे सहा आणि दक्षिणेचे सहा, असे दोन गट सहज पडतात: कोरची, कुरखेडा, देसाईगंज, आरमोरी, धानोरा, गडचिरोली एकीकडे, चामोर्शी, मुलचेरा, अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा दुसरीकडे. प्रत्येक संघाला घरी पाच आणि बाहेर पाच सामने, धान कापणीनंतर होळीपर्यंत, आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या गावी, म्हणजे बघायला माणसं आधीच जमलेली असतील. दक्षिणेतला सगळ्यात लांबचा प्रवासही मग मुक्कामाशिवाय जमेल. खर्च म्हणजे गाडीभाडं, गोलखांब, जाळी, पंचाचं मानधन. त्या मिझो केबल वाहिनीची जागा इथे हातातला मोबाइल घेऊ शकतो. पहिल्या वर्षी खालच्या दोन संघांना कुठे ढकलू नये, कारण खाली अजून काही नाही. दुसऱ्या वर्षी मोठ्या गावांचे संघ तयार झाले, की प्रत्येक गटातल्या शेवटच्या संघाला त्यांच्याशी खेळून आपली जागा राखावी लागेल.