शेपूट नसलेलं बंदर

दिघीच्या जेट्टीला फेरीबोट लागलीये. मागे राजपुरीची खाडी, पलीकडे आगरदांडा आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात ठाण मांडून बसलेला जंजिरा. समजा, या बोटीतून एक हिंदी बोलणारी पाहुणी मुलगी उतरली आणि तुम्ही तिला ऐटीत सांगितलंत, "हे आमचं दिघी बंदर!" तर ती आधी काय करेल? झाडांवर बघेल! तिच्या भाषेत बंदर म्हणजे माकड ना.

खरी गंमत पुढेच आहे. दिसायला जुळे असले, तरी हे दोन शब्द एकमेकांचे कुणीच लागत नाहीत.

हिंदीतलं बंदर आलं संस्कृत 'वानर'पासून. 'वन'चं जसं 'बन' झालं, तसा इथेही 'व'चा 'ब' झाला. पण मग मधला 'द' कुठून आला? तो तुमच्या तोंडातच सापडेल. 'बान्र, बान्र, बान्र' असं भराभर म्हणून बघा. 'न' म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि हवा नाकातून जाते. 'र'कडे पळायच्या घाईत नाकाची वाट जरा आधीच बंद झाली, की तिथे आपोआप 'द' फुटतो. इंग्रजीतल्या 'थंडर'चंही असंच झालंय. जुन्या इंग्रजीत तो 'थुनोर' होता, आणि जर्मन लोक गडगडाटाला आजही 'डोनर' म्हणतात. कोकणात आंब्यावर उड्या पडल्या की "वांदर आले रे!" अशी हाक उठते. म्हणजे आपण 'द' घेतला, पण 'व' काही सोडला नाही.

जहाजांचं बंदर मात्र फारसी. त्यात फारसीतलाच 'बंद', म्हणजे बांध, लपलेला असावा. हा 'बंद' आणि आपलं 'बांधणं' खरोखरच एका कुळातले. पोलिसांचा बंदोबस्तही त्याच घरचा! 'नाखवा' तर फारसी 'नाखुदा'वरून आला. ना म्हणजे नाव, होडी. खुदा म्हणजे मालक.

हे शब्द इतके लांब पसरले कसे? वाऱ्यावर बसून! पूर्वीची शिडाची जहाजं मोसमी वाऱ्यांवर चालायची. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जायचं. पुढे वारा फिरला की परत यायचं. तोवर महिनोन् महिने परक्या गावात मुक्काम. अरब, इराणी, गुजराती, आफ्रिकी खलाशी एकाच धक्क्यावर बसून काय नुसते माशाच मारतील? बोलणारच. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, आणि तिथल्या स्वाहिली भाषेत बंदराला आजही 'बंदारी' म्हणतात. 'जंजिरा'ही अरबी 'जझीरा'वरून आलेला. जझीरा म्हणजे बेट.

पूर्वेला तर या शब्दाने कमालच केली. मलाक्का या मोठ्या व्यापारी बंदरात परदेशी व्यापाऱ्यांकडे बघायला अधिकारी असत. त्यांना म्हणत शाहबंदर. 1511 साली पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकलं, त्याआधी तिथे असे चार शाहबंदर होते. त्यातला एक फक्त गुजरात्यांसाठी! बंदराभोवती गाव वाढलं, गावाचं शहर झालं आणि मलय भाषेत 'बंदर'चा अर्थच शहर असा झाला. ब्रुनेई देशाच्या राजधानीचं 1970 साली नवं नाव ठेवलं, बंदर सेरी बेगावान. जरा मोठ्याने वाचा. ऐकू आलं का? 'सेरी' म्हणजे आपलं श्री, 'बेगावान' म्हणजे भगवान. तिथल्या सुलतानांनी गादी सोडल्यावर घेतलेली ही पदवी. म्हणजे एका मुसलमान राजाच्या सन्मानार्थ फारसी बंदराशेजारी संस्कृत श्री भगवान!

आंध्रातल्या मछलीपट्टणमलाही लोक नुसतं 'बंदर' म्हणतात. तिथला बेसनाचा तुपाळ 'बंदर लड्डू' प्रसिद्ध आहे. आता आपल्या पाहुणीसमोर तो ठेवलात तर ती बिचारी विचारेल, हा कुणासाठी?

आणि इंडोनेशियात? तिथे 'बंदर उदारा', म्हणजे हवेतलं बंदर. लोकांनी ते आखडून केलं 'बंदारा'. आपल्या बंधाऱ्यात पाणी अडतं, त्यांच्या बंदारात विमानं उतरतात!